बर्फातला आठवडा: मराठवाड्यातून बॅककंट्री स्कीइंगला निघणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संभाजीनगर, लातूर, परभणी, नांदेडकडची आम्ही काही ट्रेकर मंडळी हिवाळ्यात काश्मीरला स्कीइंगला जातो. मागचे दोन हिवाळे आम्ही पीर पंजालमधल्या एका आडबाजूच्या लाकडी लॉजवर, गाइडसोबत आठवडा काढला. तेव्हापासून ओळखीच्या-अनोळखी लोकांचे फोन येतात आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवली आहेत.

बॅककंट्री म्हणजे काय? गुलमर्गला पर्यटक करतात तेच ना?

नाही. गुलमर्गच्या सपाटीवर तासाच्या हिशोबाने स्की भाड्याने घेऊन घसरतात, तो नवशिक्यांचा उतार. त्याच्या वर गोंडोला, म्हणजे रोपवे आहे. पहिला टप्पा कोंगडोरीपर्यंत आणि दुसरा अफरवट शिखराच्या खांद्यावर, सुमारे ३९५० मीटरपर्यंत जातो. गोंडोलाच्या आसपासच्या ठरावीक भागावर तिथलं स्की पथक लक्ष ठेवतं, धोकादायक बर्फ स्फोटकांनी आधीच पाडून टाकतं. बॅककंट्री त्या हद्दीपलीकडे सुरू होते. तिथे यंत्र नाही, आखलेली वाट नाही आणि उतार कुणी तपासून ठेवलेला नसतो. आपल्या पायांनी चढायचं आणि मग उतरायचं.

स्की घालून डोंगर चढतात कसे? मागे घसरत नाही का?

स्कीच्या तळाला एक लव असलेला पट्टा चिकटवतात. त्याला स्किन म्हणतात. बैलाच्या पाठीवरून हात फिरवून बघा. केसांच्या दिशेने फिरवला तर हात सरकतो, उलटा फिरवला की अडतो. स्किनचं तसंच आहे, पुढे सरकते आणि मागे धरून ठेवते. बुटाची टाच मोकळी राहते, त्यामुळे पाऊल उचलायचं नसतं, ओढत सरकवायचं असतं. माथ्यावर स्किन सोलून जॅकेटच्या आत ठेवायची आणि टाच अडकवून उतरायचं. ती जॅकेटच्या आतच ठेवायची, कारण गोंद गारठला की पुन्हा चिकटत नाही. पहिल्या वर्षी मी स्किन सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात कोंबली होती. दुसऱ्या चढाला तिच्यावर बर्फाचा भुगा बसलेला, चिकटायचं नावच नाही. शेवटी टेप गुंडाळून दोन तास चढलो.

आमच्याकडं बर्फ म्हणजे गोळ्याच्या गाडीवरचा. थेट या आठवड्याला आलं तर जमंल का?

जमणार नाही, आणि जमेल असं कुणी सांगत असेल तर त्याला पैसे देऊ नका. आधी स्की शिका. गुलमर्गची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ स्कीइंग अँड माउंटेनिअरिंग, पहलगामची जवाहर इन्स्टिट्यूट, मनालीची अटलबिहारी वाजपेयी पर्वतारोहण संस्था इथे हिवाळ्यात अभ्यासक्रम चालतात. सरकारी संस्था असल्याने शुल्क परवडतं आणि शिस्त कडक असते. एक अभ्यासक्रम, त्यानंतरच्या हिवाळ्यात गोंडोलाच्या उतारांवर आठ-दहा दिवसांचा सराव आणि मग बॅककंट्री, असे किमान दोन हिवाळे धरा. खोल, न दाबलेल्या बर्फात, पाठीवर सॅक घेऊन, दमलेल्या पायांनी दोन्ही बाजूंना वळता यायला हवं. एकाला येत नसेल तर अख्खा गट त्याच्यासाठी थंडीत उभा राहतो.

मी दर रविवारी ट्रेक करतो. तरी शिकावं लागेल?

हो. दम कामाला येईल, वळण येणार नाही.

मराठवाड्यात राहून तयारी कशी करायची?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न, कारण आपल्याकडे डोंगर नाहीत असं आपणच म्हणत असतो. लॉजच्या आठवड्यात रोज साधारण ८०० ते १००० मीटर उंची चढावी लागते. देवगिरीचा किल्ला पायथ्यापासून माथ्यापर्यंत जेमतेम २०० मीटर. म्हणजे दिवसाकाठी चार-पाच देवगिरी. आमच्यातले संभाजीनगरचे लोक नोव्हेंबरपासून रविवारी सकाळी किल्ला उघडला की आत शिरतात आणि आठ किलोची सॅक घेऊन तीन फेऱ्या करतात. अंधारी मार्गातून तिसऱ्यांदा वर जाताना मांड्या भरून येतात, अगदी तशाच स्किनच्या चौथ्या तासाला भरून येतात. नांदेडची मंडळी माहूरला जातात, बीडकडची बालाघाटाच्या धारेवर. लातूरचा एक मित्र चार मजली इमारतीचा जिना वापरतो. वॉचमनने आधी हटकलं, आता तोच फेऱ्या मोजतो.

चढण्यापेक्षा उतरणं महत्त्वाचं, हे लक्षात ठेवा. स्कीइंगमध्ये मांडीचा स्नायू सतत ताण धरून असतो. सावकाश बैठका काढा, भिंतीला पाठ लावून खुर्चीसारखं बसून राहा, पायऱ्या उतरताना घाई करू नका. तीन महिने पुरतात. तीन आठवडे पुरत नाहीत.

कोणत्या महिन्यात जावं?

काश्मिरात २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस चिल्लई कलान, म्हणजे सगळ्यात कडक थंडी. मग वीस दिवसांची चिल्लई खुर्द आणि दहा दिवसांची चिल्लई बच्चा. आम्ही चिल्लई कलान संपता संपता, जानेवारीच्या शेवटापासून फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंतची तारीख धरतो. तोवर झुडपं-दगड झाकले गेलेले असतात आणि दिवसही थोडा मोठा होतो. मार्चमध्ये ऊन छान मिळतं, पण दुपारी बर्फ ओला होऊन जड पडतो.

आणि बर्फ पडलाच नाही तर?

पडत नाही असं होतं. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्ग अक्षरशः उघडं पडलं होतं. २०२५ मध्ये खेलो इंडिया हिवाळी स्पर्धेचा गुलमर्गचा टप्पा बर्फाअभावी फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलावा लागला. मृग कोरडा गेल्यावर आभाळाकडे बघत बसणं आपल्या माणसाला शिकवावं लागत नाही. बर्फाचं गणितही तितकंच बेभरवशाचं आहे आणि वर्षागणिक जास्त होत चाललंय. म्हणून पैसे भरण्याआधी लेखी विचारा: बर्फ नसेल तर तारीख पुढे सरकवता येईल का, किती आधी कळवावं लागेल, आणि भरलेल्यातलं काय परत मिळेल.

लॉजवर काय सोयी असतात?

गरम खोली, गरम जेवण, ओले बूट वाळवायची जागा. एवढ्या तीन गोष्टी असल्या की लॉज चांगला. आमच्या लॉजवर मधोमध बुखारी, म्हणजे लाकडावर पेटणारी पत्र्याची शेगडी होती आणि तिच्याभोवती तारेवर सगळ्यांच्या स्किन, मोजे, हातमोजे लटकत. झोपायला एका खोलीत चौघं. नळाचं पाणी गोठतं, म्हणून बादलीतलं गरम पाणी मोजून मिळतं. आंघोळ आठवड्यात एकदा झाली तर नशीब. शौचालय मुख्य इमारतीत आहे की अंगण ओलांडून, हे आधी विचारून घ्या. रात्री दोन वाजता उणे बारामध्ये फरक कळतो. महिलांसाठी वेगळी खोली आमच्या लॉजने मागितल्यावर दिली, पण मागावी लागली.

हिमस्खलनाची भीती वाटते. खरंच किती धोका असतो?

भीती वाटते ते बरं आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये अफरवटच्या बाजूला पोलंडचे दोन स्कीअर हिमस्खलनात दगावले. फेब्रुवारी २०२४ मध्ये गुलमर्गच्या वर एक रशियन स्कीअर तसाच दगावला.

हिमस्खलन म्हणजे वरून बर्फाचा गोळा गडगडत येतो, असं आपल्या डोक्यात असतं. माणसं मरतात ती बहुतेक वेळा वेगळ्या प्रकाराने. फरशीवर ज्वारी सांडली आहे आणि तिच्यावर कुणी जड फळी टाकली आहे असं समजा. फळी स्थिर दिसते. तिच्यावर पाय दिला की दाणे घरंगळतात आणि फळी तुमच्यासकट निघते. डोंगरावर फळी म्हणजे वाऱ्याने आणून दाबलेला ताज्या बर्फाचा थर, आणि दाणे म्हणजे त्याखालचा साखरेसारखा सुटा, एकमेकांना न धरणारा बर्फ. हिवाळ्याच्या सुरुवातीला थोडासा बर्फ पडून मग आठवडेच्या आठवडे कोरडी थंडी राहिली की असा दाणेदार थर तयार होतो. म्हणजे उशिरा आणि तुटक पडणारा बर्फ नुसता कमी नसतो, तो जास्त कपटी असतो.

अशी फळी सुटते ती मुख्यतः ३० ते ४५ अंशांच्या उतारावर. स्कीइंगला सगळ्यात मजा येते तोच हा उतार. आणि अशा अपघातांत ती फळी सुटायला कारण कोण होतं, तर बहुतेक वेळा अडकलेला माणूस स्वतः किंवा त्याच्याच गटातला कुणी. म्हणजे धोका नुसता आभाळातून येत नाही, आपण कुठे पाय टाकतो यावर तो बराच अवलंबून आहे. नव्या बर्फानंतरचा पहिला दिवस, जोराचा वारा, अचानक वाढलेलं तापमान, चालताना पायाखालून येणारा धप्प असा पोकळ आवाज, स्कीच्या पुढे पळत जाणारी भेग: यातलं काही दिसलं-ऐकलं की लगेच गाइडला सांगा. आपण चुकलो तर हसतील असं वाटून गप्प बसू नका.

चंडीगढची डीजीआरई ही संरक्षण संशोधन खात्याची संस्था हिमस्खलनाचा इशारा देते. पूर्वी ती सासे नावाने ओळखली जायची. इशारा मोठ्या भागासाठी असतो, तुमच्या उतारासाठी नसतो. तो वाचून पुढचा विचार गाइडला करावा लागतो.

बीकन, प्रोब, फावडं हे तिन्ही लागतंच का?

तिन्ही, प्रत्येकाकडे आणि वापरता येत असेल तरच. बीकन हे छातीला बांधायचं छोटं यंत्र, ४५७ किलोहर्ट्झवर सतत खूण पाठवतं. कुणी गाडला गेला की बाकीचे आपलं यंत्र शोधावर टाकतात आणि खुणेच्या मागे जातात. प्रोब म्हणजे घडीची लांब काठी, नेमकी जागा टोचून बघायला. फावडं धातूचंच हवं, प्लास्टिकचं दाबलेल्या बर्फावर तुटतं. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढलेली माणसं बहुतांशी वाचतात, त्यानंतर आशा झपाट्याने कमी होते, कारण श्वास कोंडतो. गावातून मदत येईपर्यंत ही वेळ कधीच निघून गेलेली असते. वाचवणार ते सोबतचे चार-पाच जणच.

म्हणून आम्ही निघायच्या महिनाभर आधी सराव करतो. परभणीजवळ एका मित्राच्या शेतात, नांगरलेल्या रानात बीकन पिशवीत घालून पुरतो आणि शोधतो. पहिल्या वेळी मला नऊ मिनिटं लागली. आता साडेतीन. मोबाइल शोधाच्या वेळी बीकनपासून किमान ५० सेंटिमीटर आणि एरवी २० सेंटिमीटर लांब हवा, नाहीतर खूण बिघडते. बॅटरी कंपनीने सांगितलेल्याच प्रकारची आणि नवी टाका.

गाइड खरा आहे हे कसं ओळखायचं?

प्रमाणपत्र मागा. आयएफएमजीए हा पर्वत-गाइडांचा आंतरराष्ट्रीय दर्जा आहे, त्यात स्की आणि हिमस्खलन दोन्हीचं कसून प्रशिक्षण असतं. काही सहलींत असा परदेशी गाइड आणि त्याच्यासोबत स्थानिक काश्मिरी गाइड असतो. ही जोडी आम्हाला सगळ्यात चांगली वाटली, एकाकडे शास्त्र आणि दुसऱ्याकडे त्या नाल्याची लहानपणापासूनची ओळख. नुसता स्थानिक गाइड असेल तर त्याने हिमस्खलन आणि प्रथमोपचाराचा अभ्यासक्रम केला आहे का, किती हिवाळे त्याच डोंगरात काढलेत, हे विचारा. एका गाइडमागे चार ते सहा माणसं, त्याहून जास्त नकोत.

आमच्या पहिल्याच खेपेला एका एजंटाने "अनुभवी गाइड" म्हणून जो मुलगा पाठवला, तो स्की उत्तम करायचा. पण त्याच्या सॅकमध्ये फावडंच नव्हतं. आम्ही त्या दिवशी वर गेलो नाही. आगाऊ दिलेले पैसे बुडाले ते बुडाले.

गाइडने वर जायला नाही म्हटलं तर पैसे परत मिळतात का?

मिळत नाहीत, आणि मागूही नयेत. यावर जरा सविस्तर लिहितो, कारण भांडणं इथेच होतात.

मागच्या वर्षी चौथ्या दिवशी आभाळ निळंशार होतं. रात्री हातभर ताजा बर्फ पडलेला. समोर असा उतार की त्याच्यावर एकही रेघ नाही. तीन तास चढून आम्ही त्याच्या काठावर पोचलो तेव्हा गाइडने सॅक उतरवली आणि फावड्याने खड्डा खणायला घेतला, छातीएवढा खोल. मग करवतीने वीतभरापेक्षा थोडा जास्त रुंद असा बर्फाचा खांब सुटा केला, वर फावडं आडवं ठेवलं आणि हाताने थापट्या मारायला लागला. दहा मनगटातून, मग कोपरातून. कोपराच्या तिसऱ्या थापटीला वरचा भाग थाटीतली वडी सरकावी तसा सपाट सरकून त्याच्या गुडघ्यावर आला. खालच्या थरातले दाणे त्याने हातमोज्यावर घेऊन आम्हाला दाखवले. खडीसाखर फोडल्यासारखे, चमकणारे. फुंकर मारली की उडत होते.

त्याने स्किन पुन्हा लावायला सांगितलं. आमच्यातला एकजण चिडला. वर्षभर पैसे साठवून आलोय, बाकी कुठे उतरू दे पण परत काय फिरायचं, असं बोलला. गाइडने ऐकून घेतलं, खड्डा बुजवला आणि परतीची वाट धरली. आम्ही झाडीतल्या सौम्य उतारावरून लॉजवर आलो. तो मोठा उतार त्या आठवड्यात सुटला नाही. आम्ही उतरलो असतो तर सुटला असता का, हे आता कुणालाच कळणार नाही. पण आम्ही पैसे मोजतो ते याच माणसाच्या या एका निर्णयासाठी. उतार तर फुकट आहे. चिडलेला मित्र यंदा पुन्हा त्याच गाइडकडे नाव नोंदवून मोकळा झालाय.

लई थंडी असते का? कपडे काय घ्यायचे?

परभणीचा पारा चार-पाच अंशांवर उतरला की आपल्याकडे बातमी होते. तिथे दुपारी उणे पाच आणि पहाटे उणे पंधरा सहज असतं. तरी चढताना घाम येतो, आणि घाम हाच शत्रू. सुती बनियन, सुती मोजे घरी ठेवा. ते भिजले की वाळत नाहीत. आत लोकरीचा किंवा सिंथेटिक पातळ थर, वर फ्लीस, सर्वात वर वारा-पाणी अडवणारं जॅकेट, आणि थांबल्यावर चढवायला सॅकमध्ये पिसांचं जाड जॅकेट. हातमोज्यांचे दोन जोड. गॉगल आणि सनस्क्रीन विसरू नका, बर्फावरून परतलेलं ऊन हनुवटीच्या खालून भाजतं. बूट मात्र नीट मापाचेच हवेत. भाड्याचे घेणार असाल तर श्रीनगरला एक दिवस लवकर पोचा आणि गुलमर्गला तासभर घालून बघूनच घ्या.

शाकाहारी जेवण मिळतं का?

मिळतं, आधी कळवलं तर. राजमा-भात, हाख म्हणजे तिथली पालेभाजी, दम आलू, नदरू म्हणजे कमळकाकडी. सोबत आम्ही दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि तीळगूळ नेतो. चॉकलेटचे बार तिथे दगड होतात, तीळगूळ मात्र दाताला येतो. धपाटे तिसऱ्या दिवसापर्यंत टिकले आणि लॉजच्या स्वयंपाक्याने कृती लिहून घेतली. पाण्याला थर्मास न्या. सॅकमधल्या पाण्याच्या पिशवीला नळी असते, तिच्यातलं पाणी पहिल्या तासात गोठतं.

जायचं कसं?

नांदेडहून निघणारी सचखंड एक्स्प्रेस परभणी, जालना, संभाजीनगरवरून दिल्लीला जाते. पुढे कटऱ्यापर्यंत रेल्वे आणि जून २०२५ पासून कटरा ते श्रीनगर वंदे भारत आहे, चिनाब पुलावरून. वेळ कमी असेल तर संभाजीनगरहून दिल्लीमार्गे श्रीनगरला विमान. तिथून गुलमर्ग सुमारे ५० किलोमीटर. ताजा बर्फ असला की वाटेतल्या टंगमर्गपासून वर चाकांना साखळी बांधलेली स्थानिक गाडीच घ्यावी लागते. परतीला एक दिवस मोकळा ठेवाच, बर्फात विमानं रद्द होतात.

उंचीचा त्रास होईल का?

गुलमर्ग २६५० मीटरवर आहे. आपलं कळसूबाई १६४६. म्हणजे नुसतं झोपायलाच आपण कळसूबाईच्या हजार मीटर वर जातो. पहिले दोन दिवस सौम्य ठेवा, पाणी भरपूर प्या, दारू टाळा. डोकं दुखत असेल तर लपवू नका. बीपी, शुगर, दमा असेल तर आपल्या डॉक्टरांशी बोलून, नेहमीच्या गोळ्यांचा दुप्पट साठा सोबत आणा. वयाची अट नाही. आमच्यात सगळ्यात नियमित चढणारे काका अठ्ठावन्न वर्षांचे आहेत.

फोन लागतो का?

बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मिरात चालत नाही, पोस्टपेड हवं. लॉजवर तेही लागेलच असं नाही. परदेशातून आणलेला सॅटेलाइट फोन किंवा सॅटेलाइट मेसेंजर परवानगीशिवाय बाळगणं आपल्या देशात गुन्हा आहे, त्यामुळे अटक झालेली आहे. लॉजकडे वायरलेस किंवा दुसरी कोणती सोय आहे ते विचारा.

विमा काढावा का?

काढा, पण कलमं वाचा. बऱ्याच प्रवास विम्यांत आखलेल्या उताराबाहेरचं स्कीइंग आणि ठरावीक उंचीवरच्या घटना वगळलेल्या असतात. "बॅककंट्री स्कीइंग धरलं आहे" असं ईमेलवर लिहून घ्या. हेलिकॉप्टर बोलावलं आणि आलं, असं हिमालयात गृहीत धरू नका. आम्ही गुंडाळून नेता येईल असा स्ट्रेचर गटात ठेवतो.

काश्मीरला जाणं सुरक्षित आहे का?

२२ एप्रिल २०२५ च्या पहलगाम हल्ल्यानंतर हा प्रश्न घरोघरी आहे आणि तो रास्त आहे. निघण्याआधी प्रशासनाच्या सूचना बघा, आधार कार्ड जवळ ठेवा. गुलमर्ग नियंत्रण रेषेपासून फार लांब नाही, म्हणून गाइडने आखलेल्या हद्दीबाहेर एक वळणही घेऊ नका. तिथल्या माणसांनी आम्हाला नेहमी घरच्यासारखं वागवलं, एवढं मी माझ्या अनुभवातून सांगू शकतो.

कॅनडाच्या लॉजबद्दल ऐकलंय. ते कसं असतं?

ब्रिटिश कोलंबियात असे बरेच लॉज आहेत. हेलिकॉप्टर माणसं आणि सामान सोडून जातं आणि आठवड्याने न्यायला येतं. मधले दिवस सगळी चढाई पायांनीच. सामानाला वजनाची मर्यादा असते. तिथली हिमस्खलनाची माहिती खूप तपशीलवार मिळते. खर्च आणि व्हिसा बघता आधी काश्मीर, असं माझं मत.

घरच्यांना काय सांगायचं?

खरं सांगा. आम्ही प्रत्येकाच्या घरी एक कागद देतो: लॉज कुठे आहे, गाइडचा आणि लॉजचा नंबर, रोजचा बेत, आणि कोणत्या दिवशी किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर कुणाला विचारायचं. सोबत हेही लिहितो की बर्फ पडत असेल तर एक दिवस उशीर होईल, घाबरू नका. आईने माझा कागद स्वयंपाकघरात दिनदर्शिकेच्या खिळ्याला अडकवला होता. परत आलो तेव्हा रोजच्या तारखेवर पेनाने बारीक खूण केलेली होती, आणि खाली तिच्या अक्षरात गाइडचा नंबर पुन्हा एकदा, मोठ्या आकड्यांत.